अकरावा उतारू

पिवळी बस दरी चढते तेव्हा
प्रत्येक आंधळ्या वळणाआधी तीन सूर वाजवते,
पलीकडच्या गाईंना, सायकलींना, खाली उतरलेल्या ढगाला
आधीच सांगून ठेवते, मी येतेय.
फ्लुरिन चालवतो. कानात बाळी, गुडघ्यावर सफरचंद.
चढणाऱ्यांचे चेहरे बघत नाही, बूट बघतो
आणि ओठांतल्या ओठांत मोजतो.
आज अकरा.

शेवटच्या थांब्यावर एक बाक, एक टपालपेटी
आणि परतीची वेळ, पाच वाजून पाच.
त्यानंतर बस नाही. उद्या आहे.

इथल्या पाट्या अंतर सांगत नाहीत, वेळ सांगतात.
धबधबा चाळीस मिनिटं. तळं दोन तास दहा.
कोणाच्या पायांनी, ते लिहीत नाहीत.
आमच्याकडे वाट विचारली तर म्हणतात,
हे काय, हाकेच्या अंतरावर,
आणि माणूस दुपारभर चालतो.
मी दोन्हींचा मेळ घालत चढत राहिले
मुळांच्या ओल्या पायऱ्यांवरून.

धबधब्यापाशी हाकेला अंतरच उरलं नाही.
समोरून येणाऱ्या बाईनं तोंड उघडलं, मिटलं.
मी मान हलवली.
पुढे निसरडं आहे, असं म्हणाली असावी,
कारण पुढे निसरडं होतं.

तळं एकदम भेटत नाही.
आधी वारा गार होतो,
मग दगडांची रास, जिच्यामागे काही असेल असं वाटत नाही,
मग ते.
निळं म्हणावं तर हिरवा रंग रुसेल.
मी बोटं बुडवली, पाच मोजायच्या आत काढली.

काठावर एक म्हातारा गुडघे टेकून
दुधाची किटली पाण्यात आडवी धरून बसलेला.
गवताची काडी आत गेली की सगळं ओतून टाकायचा,
पुन्हा भरायचा.
चार वेळा.

पाच वाजून पाच.
फ्लुरिननं बूट मोजले. दहा.
दार उघडंच ठेवलं.
पाच सहा. मागे कोणीतरी घसा खाकरला.
पाच आठ. खाली स्टेशनात आगगाडी आहे,
ती बापाचीही वाट बघत नाही.
"याखेन राहिलाय," तो म्हणाला,
गॅसवर दूध राहिलंय म्हणावं तसं,
आणि उभ्या बसमधून, वळण नसताना,
ते तीन सूर वाजवले.
डोंगरानं दोनदा परत केले.

पाच अकराला तो आला, किटली दोन्ही हातांत,
करवलीनं करा धरावा तशी.
कोणी काही बोललं नाही.

शेजारची सेराइना, शाळेत भूगोल शिकवणारी,
मोडक्या इंग्रजीत माझ्या कानाशी:
ह्याची बायको मेंगिया. तीस उन्हाळे
तळ्याकाठच्या खोपटात सूप विकलं तिनं.
आता खुबा मोडलाय, वर जाणं संपलं.
रडत वगैरे नाही. एवढंच म्हणते,
नळाचं पाणी बावळट आहे.
म्हणून दर गुरुवारी हा किटली नेतो.
ती सज्जात बसते, पाय टबात सोडते
आणि थंडीला शिव्या देते.

सहा मिनिटं उशीर झालेली बस
वळणं हळू घेत होती.
किटलीचं झाकण नीट बसत नव्हतं.
पाणी डावीकडे गेलं की आम्ही अकराजण डावीकडे,
उजवीकडे गेलं की उजवीकडे.
माझ्या एका बुटावर थोडं सांडलं. मी पाय हलवला नाही.

तिसऱ्या थांब्यावर याखेन उतरला.
वरच्या सज्जातून एक आवाज आला, चिरका, लांबलचक.
मला ती भाषा येत नाही,
पण एवढा वेळ कुठे होतास
हे कुठल्याही भाषेत इतकंच लांब असतं.
तो वर न बघता जिना चढू लागला,
एका पायरीला दोन्ही पाय ठेवत.

आगगाडी गेली होती.
पुढची तासाभरानं.
फलाटावर आम्ही सहाजण,
फ्लुरिनचं सफरचंद सहात कापलेलं.