दहा दिवस, चाळीस अंश

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा.
माझं काम : डब्याचा तुकडा कापायचा,
तेलात बुडवून ओव्हनमध्ये ठेवायचा.
दहा दिवस, चाळीस अंश.
मग तेलाला विचारायचं, काय काय उतरलं तुझ्यात?
तेल खोटं बोलत नाही,
पण विचारलं तेवढंच सांगतं.

खिडकीबाहेर पिकअपवर पाण्याच्या बाटल्या
सकाळपासून उन्हात.
एकदा म्हटलं, सर, साठावर लावून बघू या का?
मॅथ्यूसर हसले.
"शमशाद, गिऱ्हाईक चाळिसाचे पैसे देतं."

दुपारी कॅम्पातली पोरं रांगेत.
उकळती डाळ पातळ पिशवीत, वर गाठ,
गाठीत अडकवलेलं एक बोट.
मी थांबते, बोलायला तोंड उघडते.
ताट धुवायला बारा जणांत एक नळ.
तोंड मिटते.

मे महिन्यात झुवेरिया
कमरेला स्वेटर बांधून शाळेच्या बसमधून उतरली.
नववं वर्ष अजून सरायचंय.
डॉक्टरीण म्हणाली, हल्ली होतं असं, लवकर.
कारण? बरीच असतात. नेमकं बोट नाही ठेवता येत.

मला तिसऱ्या दशांशापर्यंत बोट ठेवायची सवय.
रात्री ती पोट धरून झोपली
आणि मी ओट्यापाशी उभी राहून मोजत गेले :
दुधाची बाटली, जंतू मरावेत म्हणून रोज उकळलेली.
बिर्याणीचे काळे डबे,
चांगले आहेत, टाकायचे कशाला, म्हणून धुऊन ठेवलेले,
त्यातच गरम केलेला भात.
आणि दापोलीहून आईनं पाठवलेलं लोणचं,
आईस्क्रीमच्या डब्यात, वर बोटभर तेल.
दहा दिवस कुठले,
ईदपासून आहे ते तिथं.

सिद्ध काहीच होत नाही यातून.
मीच सांगेन कोणालाही, हा पुरावा नव्हे.

आज नमुना आला तो काळाच डबा, चौकोनी.
मी त्याला ओळखलं.
निकाल : मर्यादेत.
सही केली. खरीच होती ती सही.

घरी येऊन लोणचं काचेच्या बरणीत काढलं.
रिकामा डबा दोनदा घासला, तिसऱ्यांदा घासला,
कचऱ्याच्या पिशवीवर धरला.
"अम्मी, नको टाकू," मागून झुवेरिया,
"मला दे. क्लिपा ठेवीन त्यात."