मागचं दार आतनं उघडत नाही

मालूची व्हॅन शाळेची आहे.
सोमवार ते शनिवार तिच्यात बावीस पोरं बसतात,
कागदावर आठ.
रविवारी आम्ही चौघी.
सीटखाली एक बूट सापडला, डाव्या पायाचा,
आणि अर्धी पेन्सिल, दातांनी चावलेली.
माटिल्डानं ती अंबाड्यात खोवली.

वडगावातनं निघालो तेव्हा माग बंद होते.
तसे ते तीन वर्षं बंदच आहेत,
खरं रविवारी बंद असले की बरं वाटतंय,
सुट्टी असल्यासारखं.

खानापूरपर्यंत रेणकी बोलली नाही.
तिचा फोन वाजायचा,
ती बघायची, वाजू द्यायची,
मग तिनं तो त्या बुटात ठेवला.
मालू म्हणाली, मागचं दार आतनं उघडत नाही हं,
पोरं पडू नयेत म्हणून तसंच केलंय.
मग चहाला थांबलो तरी, लघवीला थांबलो तरी,
मागनं एकच आवाज:
मालू, सोड गं.

लोंढ्याच्या फाटकात मालगाडीचे डबे मोजले.
चोपन्न.
माटिल्डा म्हणाली, छपन्न.
हे भांडण जोयड्यापर्यंत पुरलं.

रामनगर सोडलं की झाडं रस्त्यावर झुकतात,
दिवसाच दिवे लावावे लागतात.
अणशीच्या नाक्यावर फॉरेस्टवाला वाकून म्हणाला, यल्लिगे?
रेणकीला तेव्हा आवाज फुटला:
समुद्र नोडाक होंटेव्री.
त्यानं व्हॅनवरची पाटी वाचली, 'सावकाश, आत मुलं आहेत',
मग आमचे पिकलेले केस बघितले.
मुलं कुठायत?
आम्हीच की, रेणकी त्याच्या भाषेत म्हणाली,
आणि त्यानं बांबू वर केला.

घाटात माझे कान बंद झाले.
तिघी हसत होत्या, कशाला ते कळेना,
मीपण हसले.

कद्र्यात एका न्हाव्याच्या दुकानात बाकाच्या जागी वल्हं,
त्यावर तिघे जण बसलेले, दाढी एकाचीही वाढलेली नाही.
सदाशिवगडात हॉटेलच्या फळ्यावर तीन लिप्या,
आणि तिन्हींत एकच पदार्थ:
संपलं.
हॉटेलवाली म्हणाली, फळा पुसायला खडूवाला पोरगा येत नाही,
बसा, भात आहे.
काळीच्या पुलावर मालूनं गाडी इतकी हळू केली
की मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या आयांची आठवण काढली.

माजाळीला मालू उतरली.
चप्पल काढली.
गेली.

आम्ही काच वाजवली.
खिडकीच्या तीन गजांमागं समुद्र,
मागावर अर्धं राहिलेलं लुगडं जसं,
काठ पांढरा,
सारखा उसवतोय, सारखा लागतोय.
मालू गुडघ्यापर्यंत पाण्यात.
रोज बावीस पोरांना हात धरून उतरवणारी मालू
मागं वळून बघतच नव्हती.
माटिल्डानं हॉर्नसाठी पुढं हात घातला,
रेणकीनं तो धरला.
ऱ्हाऊ दे, म्हणाली.
थोडं तिचं तिला ऱ्हाऊ दे.

तसेच बसलो. ऊन वाढलं.
आतल्या रेक्झिनला कालच्या डब्यांचा वास,
लिंबाच्या लोणच्याचा, उपीटाचा.
बुटात फोन घोंगावत होता.
शेवटी एका शेंगदाणेवाल्या पोरानं दार सरकवलं.
खंयच्यो गो तुमी?
चौघींची चार गावं आली तोंडात.
मी सांगितलं, लांबच्या.

परतीत कुणी डबे मोजले नाहीत.
माटिल्डा झोपली, पेन्सिल कुठंतरी पडली.
वडगावात दहा वाजून गेले होते,
गल्लीतलं कुत्रं मालूला ओळखून गप्प बसलं.
ती सवयीनं मागं आली, दार सरकवलं,
सवयीनंच म्हणाली:
सावकाश उतरा, दप्तर विसरू नका.
मी उतरले. माटिल्डा उतरली.
रेणकीनं बूट मांडीवर घेतला होता.
समोर तिच्या घरात दिवा होता.
तिनं दिव्याकडं बघितलं, मालूकडं बघितलं,
आणि आतनं दार
परत ओढून घेतलं.