दिशा व अंतर

घटनास्थळ? मी विचारलं.
पानी जी, शेवंता मारबते म्हणाली.
कोणतं?
मोठं. खारं.

हेमराजच्या डोक्यात जहाजाच्या भटारखान्यात
सळई घातली कोणीतरी.
झेंडा पनामाचा, मालक ग्रीक,
आणि कायदा विचारतो मारणाऱ्याचा देश,
मेलेल्याचा नाही.

परसाली वैनगंगेची धार बारीक असताना
जाळ्याच्या भांडणात डोंग्यातच बिसन गेला.
आम्ही या काठाहून, ब्रह्मपुरीवाले त्या,
रातभर बांबूनं
डोंगा एकमेकांच्या हद्दीत ढकलत होतो.
तिला ठाऊक आहे ते. बिसन तिचा दीर.

फॉर्मवर पुढचा रकाना:
ठाण्यापासून दिशा व अंतर.
तिनं खिडकीबाहेर बोट केलं.
मी लिहिलं, नदी जाते तिकडे.
अंतर कोरं.