एक पाटा कमी

शोरूमच्या पोरानं आधी पडदा दाखवला.
नऊ इंची, त्यात गाणी, त्यात नकाशा,
मागं घेताना मागचं सगळं दिसतं म्हणाला.
मी म्हटलं, बाळा, मागचं मला दिसतंय.
खालचं दाखव.

म्हणून गाडी उद्यमनगरात,
इलाही शिकलगारच्या शेडपुढं.
शेजारी लेथ फिरतेय, दारात लोखंडाचा कीस,
आणि ट्रायलच्या गाडीबरोबर आलेला प्रणित
आपली पांढरी कॉलर सांभाळत उभा.

इलाहीभाई पोतं अंथरून गाडीखाली गेला.
बाहेर नुसती अंगठा तुटलेली चप्पल.
आतून आवाज:
"चासी दणकट हाय. टाकीखाली पत्रा न्हाई पर,
जांभ्याचा एक दगूड बास हुईल.
सा एमेमची प्लेट मारू."
मग टेप. चाकापासून बंपरच्या ओठापर्यंत.
"नाक लांब. वढ्यात उतरताना माती हुंगणार ही."
आणि शेपूट?
"शेपूट त्याच्यापरीस लांब."

दारं चार, माणसं पाच, मागं उघडा हौदा.
माझी माणसं तीनच: मी, धाकलू, त्याची सगुणा.
उरलेल्या जागी धुराचे डबे, जाळीचे टोप, भाकरीचं गठुळं.
हौद्यात चाळीस पेट्या सातेरी माश्यांच्या,
दारं जाळीनं बंद केलेल्या,
रात्री अकराला आजऱ्याहून निघायच्या,
फटफटायच्या आत दाजीपूरच्या अलीकडं उतरायच्या.
कारवी सात वर्षांनी फुलते.
ती गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी थांबत नाही.

तोवर गल्लीतली पोरं जमली.
वर लाइटांची पट्टी टाका काकी,
विंच लावा, नळकांडं काढा बोनेटवरनं,
नादखुळा दिसंल!
विंच ठीक. पट्टी नको.
हौद्यात एकच दिवा, लाल.
लाल रंग माशीला दिसत नाही.
पोरं गप्प झाली. प्रणितनं ते कुठंतरी लिहून घेतलं.

कात्यायनीच्या मागच्या मुरमाड चढावर
एक चाक हवेत गेलं,
कुत्र्यानं तंगडी वर करावी तसं.
प्रणितनं डोळे मिटले.
इलाहीभाईनं लॉकचं बटण दाबलं,
खालून कट्ट आवाज आला
आणि उरलेल्या तिघांनी गाडी वर ओढून नेली.
मला आवडली. खोटं कशाला बोलू,
हसू आलं मला, चांगलं मोठ्यानं.

मग मागं गेले.
हौद्यात एक पेटी बांधून आणली होती मी,
कुणाला न सांगता.
कान लावला.
निवांत पेटी गुणगुणते,
शेजारच्या खोलीत कुणी जात्यावर बसल्यासारखी.
ही फिसकारत होती.
तळाच्या फटीतून मध आला होता, बोटभर.
आत एक पोळं तुटलं होतं.

इलाहीभाईनंही कान लावला. बराच वेळ.
चाकाच्या बेअरिंगला लावतो तसाच.
"पाटं कडक हायेत," म्हणाला.
"ह्यो गडी टनभर ऊस न्यायला जलमलाय.
रिकामा आसला की उड्या मारतो.
एक पाटा काढू. पाचाचं चार."
वजन किती कमी घेईल मग?
"दीडशे किलू."
म्हणजे आठ पेट्या. बत्तीसच जातील.
दोन फेऱ्यांचं डिझेल, एका रात्रीची झोप.
मी मनात वजाबाकी केली, परत केली.
पेटीवरचा हात काढला नाही.
काढ, म्हटलं.

शुक्रवारी कागद झाले, सोमवारी पाटे उतरले.
काढलेला पाटा त्यानं फेकला नाही,
फडक्यानं पुसला, वाकवून बघितला,
बोटाच्या पेरानं वाजवला.
"आज्जा आमचा ह्याच लोखंडाचं कोयतं करायचा.
वायीच थांबा चार दिवस.
पोळं कापायची सुरी हुईल ह्याची."

मी थांबले.
आता ती ड्रायव्हरच्या दारात असते,
पडद्याच्या बरोबर खाली.
पडदा मी अजून लावलेला नाही.