भार कुठे आहे

रविवारी सकाळी नऊला, कमाटी बागेमागच्या गल्लीत,
एका ट्यूशन क्लासच्या गच्चीवर आम्ही अकरा जण बसतो.
एक दातांची डॉक्टर, कॉलेजची मुलं,
एक निवृत्त फौजदार, ज्याची रेघ अजून दरडावते,
आणि मी,
चौतीस वर्षं डेअरीत दुधाचा हिशेब लिहिलेला.

केयूर सर माझ्या मुलीहून लहान.
मागे येऊन उभे राहतात, हातातली पेन्सिल काढून घेतात.
"फणसेकाका, नाक नंतर.
आधी सांगा, भार कुठे आहे?"

समोर स्टुलावर जशीबेन.
वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं पाय मोकळे करायचे,
चहा आमच्याआधी तिला.
मी तिच्या चमकीत अडकून पडलो होतो.
भार डाव्या कुल्ल्यावर होता,
तिथून मांडीवरून घरंगळत
टाचेपर्यंत आलेला.
जन्मभर मी जमा आणि नावे जुळवत आलो,
इथे कुणाच्याच दोन बाजू जुळत नाहीत.

धाकटा भाऊ पद्माकर
अर्धांगानंतर खुर्चीत बसतो तेव्हा उजवा हात
कुणी सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर ठेवतो.
काढला. सात वेळा काढला.
सातव्यांदा म्हणाला, "दादा, हात फार मोठा झालाय."
म्हटलं, जड आहे ना.
"आहे," म्हणाला,
आणि डाव्या हाताने बशी उचलली.

हिमाचलला गेलो तेव्हा कुंदाने डोंगरांचे फोटो घेतले.
माझ्या वहीत एकही डोंगर नाही.
गाठोड्यावर डोकं टेकलेला शालवाला आहे,
ढाब्यावर कणीक मळणाऱ्या पोराची पाठ आहे,
आणि चंब्याच्या बसमध्ये झोपलेली कुंदा,
डोकं काचेला, तोंड उघडं,
सफरचंदांच्या पिशवीच्या बंदांत बोटं गुंतलेली.
घरी येऊन ते तैलरंगात केलं, दीड फूट बाय दोन.

"तोंड मीट," ती म्हणाली.
चित्रातलं म्हणाली असावी.
मिटलं.
एका फटकाऱ्यात बस थांबली, झोप उडाली,
सफरचंदं कॅलेंडरातली झाली.
आठ दिवस चित्र भिंतीकडे वळून उभं.
नवव्या रात्री उठलो, थोडं काळं, थोडा गेरू,
आणि ते तोंड पुन्हा उघडलं.
सकाळी तिने पाहिलं.
दुधावरची साय काढत राहिली.
दिवाळीला बहीण आली तेव्हा मात्र
स्वतःच ते उजेडात आणून ठेवलं.
"बघ गं, घोरणं ऐकू येतंय का?"

चेहरे अजून जमत नाहीत.
कान नेहमी वर चढतात.
आईची तर नुसती पाठच येते,
सुरसागरच्या कठड्याशी, पदर कानामागे खोचलेला.
हाक मारून तिला वळवावं
एवढी हिंमत ब्रशात नाही.

काल खंडेराव मार्केटात पापडी घ्यायला गेलो.
जशीबेन उभी होती.
मी तिला उभी कधी पाहिलीच नव्हती.
हातात तराजू,
सगळी उजव्या पायावर, डावा गुडघा सैल,
मान काट्याकडे कललेली.
मी सुटे पैसे मुठीत धरून तसाच.
मागच्या बाईने पिशवीने ढोसलं.

"शुं जुओ छो, काका?" जशीबेन हसली.
"बेठां बेठां थाकी गई. हवे ऊभी दोरो ने मने."

पाव किलोवर एक मूठ जास्त पडली.
पुडी बांधायला तिने वर्तमानपत्र फाडलं,
तो कागद तेवढा मी मागून घेतला,
कोऱ्या कडेचा.
पापडी रुमालात आणली.