मोजणी

सुलावेसीजवळच्या समुद्रात, खांबांवर उभ्या वस्तीत
जाळ्याच्या दोरीला एक चादर बांधली.
जनरेटर खोकला, आणि चादरीवर
गुबगुबीत गालांची दोन कार्टून-मुलं
धपकन पाण्यात पडली.

फळ्यांच्या फटींखाली खरा समुद्र
चपचप करत होता.

पोरं हसून लोळली.
पाण्याखाली गप्पा कोण मारतं?
यांचे कान कसे ठणकत नाहीत?
आणि जांभळा ऑक्टोपस!
तो तर आपण गेलो की दगड होतो,
दगडाहून जास्त दगड.

सारिपा तेवढी हसली नाही.
नऊ वर्षांची. तिचं काम होडीतलं :
तादी भाला घेऊन खाली गेला की
मोठ्याने आकडे म्हणायचे.
दोनशे झाले की दोरी ओढायची.

तिचे ओठ हलत होते.
बुडालेल्या जहाजातला राजवाडा आला, गेला.
जेलीफिशांचा नाच.
देवमाशाच्या पोटातली शाळा.
नऊशे सतरा. नऊशे अठरा.
मध्येच डिझेल संपलं, चादर काळी पडली,
कुणीतरी कॅन आणायला धावलं.
अंधारातही ती थांबली नाही.

शेवटी ती मुलं वर आली,
केस कोरडेच.
टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली.

"चार हजार तीनशे सहा,"
सारिपा म्हणाली, आणि
पहिल्यांदा खांबाला पाठ टेकली.

तादीने तिला कोपराने ढोसलं :
"मी असतो खाली, तर?"

"तुला दोनशेलाच ओढला असता.
सिनेमा गेला खड्ड्यात."