निकालाचा रकाना

डॉक्टर वसावडा तळघरात आल्या तेव्हा
मी डबा उघडत होते, कालची शेव-उसळ.
म्हणाल्या, कुमुदबेन, अकरा वर्षांच्या फायली हव्यात,
हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्यांच्या, फक्त त्यांच्या.
मी विचारलं, किती असतील?
म्हणाल्या, तेच तर कुणाला माहीत नाही.

पुस्तक म्हणतं, वर्षाला लाख माणसांत दहा, फार तर वीस.
पुस्तकाला तळघर नसतं.
आमचा खालचा खण विश्वामित्रीनं नेला,
पाणी ओसरल्यावर नुसता लगदा,
त्यात मगरीचं पिल्लूही होतं, शिपाई शपथेवर सांगतो.
त्या खणात किती होते, ते नदीला विचारा.

बाकीच्या मी काढल्या.
अडीच महिने, नाकाला रुमाल, बोटाशी ओला स्पंज.
काहींच्या पहिल्याच पानावर आजाराचं नाव होतं.
काही लपून बसलेल्या:
छातीत कळ, ईसीजी वाकडा, सगळ्यांनी धरलं अ‍ॅटॅक,
नळी घालून पाहिलं तर रक्तवाहिन्या स्वच्छ,
आणि वय एकोणीस.
मागे चार-सहा दिवसांचा ताप, एखादी जुलाबाची रात्र,
मेडिकलवरून आणलेली पांढरी गोळी.
'ताप उतरला', असं केसपेपरात आहे.
खरंच उतरला होता,
छातीत.

त्र्याहत्तर.
तीनदा मोजल्या.
एकदा एक कमी भरली तेव्हा वाटलं, बरं झालं;
ती टेबलाखाली पडली होती.

अठ्ठावन्न जण चालत घरी गेले.
हे आधी सांगते, कारण तळघरात बसून
माणसाला मेलेलेच जास्त दिसतात.
एका मुलीच्या शेवटच्या पानावर
कुण्या निवासी डॉक्टरनं निळ्या शाईत लिहिलंय,
'पतंग उडवू का विचारते. नाही म्हटलं. सहा महिने धावपळ बंद.
रडली.'
उत्तरायण तेव्हा नऊ दिवसांवर होतं.

पाच गेले.
चौघांना अहमदाबादला पाठवलं,
अँब्युलन्सचा नंबर आहे, पुढचं काही नाही.
उरले सहा,
स्वतःच्या जबाबदारीवर नेलेले.
कुठे अंगठा, कुठे घाईतली सही,
चौकटीबाहेर गेलेली.

डॉक्टरांच्या तक्त्यात निकालाचा रकाना आहे.
बरा असेल तर एक, नसेल तर दोन, मृत्यू तीन.
अहमदाबादच्या चौघांची चौकशी त्या करणार होत्या.
या सहांसमोर मला काही घालता येईना,
म्हणून फोन लावले.

दोन बंद.
एकावर गादीच्या दुकानाची जाहिरात.
एक बाई 'राँग नंबर' म्हणाली, पण फोन ठेवला नाही;
बराच वेळ आम्ही दोघी ऐकत राहिलो.
पाचवा एका लहान मुलीनं उचलला,
पप्पा रिक्षा घेऊन गेलेत, रात्री येतात.
मी एक लिहिला. मग खोडून पेन्सिलीनं लिहिला.

सहावा बोडेलीचा, जिगर राठवा.
स्वतः बोलला,
दोन शब्दांच्या मध्ये थांबत,
जिन्यावर थांबतात तसा.
दवाखान्यातून बोलता? बेन, माझी फाईल
अजून बंद नाही झाली?
मी म्हटलं, नाही.
तो जरा थांबला.
मग म्हणाला, सकाळी साडेसहाची बस असते.

तक्ता मी पाठवला नाही. डॉक्टरांना सांगितलं,
एक दिवस द्या.
त्यांनी कारण विचारलं नाही, तारीख विचारली,
आणि आपल्या ओपीडीच्या कागदावर लिहून घेतली.

आमच्या तळघराला चौदा पायऱ्या आहेत.
दुसऱ्या दिवशी नऊपासून मी वर उभी होते,
केसपेपरच्या खिडकीपाशी,
फाईल छातीशी धरून.